‘36 मिनिटं’ म्हणजे नक्की काय? गुगल मॅप्सचा ईटीए पेपर वाचताना

समजा, उद्या सकाळी तुमची सेटची परीक्षा आहे. केंद्र शिवाजी विद्यापीठाच्या आवारात, आणि तुम्ही राहता कागलला. हॉल तिकिटावर ठळक अक्षरांत लिहिलंय की 9:30 नंतर गेटमधून आत सोडलं जाणार नाही. रस्ता ठरलेला आहे: महामार्गाने गोकुळ शिरगाव, उजळाईवाडी, शाहू नाका आणि मग विद्यापीठ. फोन म्हणतो, 36 मिनिटं. आता सांगा, घरातून किती वाजता निघाल?

8:54 ला निघणारा माणूस मला तरी माहीत नाही. "36 म्हणतोय ना, मग पाऊण तास धरू," असं आपण म्हणतो. घरात वडीलधारं कुणी असेल तर ते म्हणतील, "पाऊण कसला, सव्वा तास आधी निघ." आता गंमत बघा. 36 हा आकडा काढायला जगातली सगळ्यात महागडी मॉडेल्स राबली. पण परीक्षेला बसायला मिळणार की नाही हे ज्या ‘वरच्या’ मिनिटांवर ठरणार, ती मिनिटं आपण मनानेच टाकली. ही वरची मिनिटं पेपरात कुठे गेली, हे आज बघायचं आहे.

पेपर आहे 2021 चा. सीआयकेएम या परिषदेत आलेला, डीपमाइंड आणि गुगलच्या लोकांनी लिहिलेला. विषय: गुगल मॅप्समध्ये ग्राफ न्यूरल नेटवर्क वापरून पोहोचण्याच्या वेळेचा, म्हणजे ईटीएचा अंदाज. त्याआधी सप्टेंबर 2020 मध्ये डीपमाइंडने याच कामावर सोप्या भाषेतला एक लेख दिला होता. पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत. एकच काम तज्ज्ञांना सांगताना आणि जगाला सांगताना कसं बदलतं, तेही कळतं.

आधी, काम चांगलं का आहे

टीका करायची तर आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा नीट मांडता आलं पाहिजे. प्रयत्न करतो.

रस्त्याचे छोटे तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याला आत्ता किती वेळ लागतोय ते फोनच्या जीपीएसवरून काढलं आणि बेरीज केली, की झाला ईटीए. ही झाली सगळ्यात साधी पद्धत. तिची अडचण अशी की तुम्ही अर्ध्या तासाने ज्या तुकड्यावर पोहोचणार, तिथली आत्ताची गर्दी तुमच्या काय कामाची? आणि तुकडे एकमेकांपासून सुटे नसतात. व्हीनस कॉर्नरला गाड्या तुंबल्या की थोड्या वेळात दसरा चौकही अडतो, हे स्टेशन रोडवरचा कुठलाही रिक्षावाला सांगेल.

म्हणून लेखकांनी ज्यांची वाहतूक एकमेकांत गुंतलेली आहे असे शेजारशेजारचे तुकडे एकत्र करून ‘सुपरसेगमेंट’ बनवले. सुरुवातीला प्रत्येक सुपरसेगमेंटला वेगळं मॉडेल होतं. पण जगभराचा विचार केला तर अशी लाखो मॉडेल्स लागली असती. ग्राफ न्यूरल नेटवर्कने ही अडचण सोडवली. तुकडा म्हणजे ग्राफमधला बिंदू, दोन तुकड्यांचा जोड म्हणजे रेष. दोन तुकडे असोत की शेकडो, मॉडेल एकच. शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे माहिती सरकते, तशी दसरा चौकाला व्हीनस कॉर्नरची खबर लागते.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. एकच मॉडेल पुन्हा पुन्हा शिकवलं तर दर वेळी निकाल थोडा वेगळा येतो. आपण प्रबंधात काय करतो? पाच-दहा वेळा चालवतो, सरासरी देतो, मोकळे होतो. पण ज्यांना एकच मॉडेल लोकांच्या हातात द्यायचंय, त्यांना सरासरी देऊन चालत नाही. ते एक मॉडेल चांगलंच असावं लागतं. त्यासाठी त्यांनी शिकण्याचा वेग शिकता शिकताच जुळवून घेणारी मेटाग्रेडियंट्स नावाची पद्धत वापरली. ही अडचण खरी आहे आणि पाठ्यपुस्तकात सहसा भेटत नाही.

आता तो 40 टक्क्यांचा आकडा

पेपरच्या सारांशातच निकाल आहे: प्रत्यक्ष वापरात सिडनीसारख्या शहरांत ‘नकारात्मक ईटीए’ 40 टक्क्यांहून जास्त कमी झाले. 2020 च्या लेखात असंही होतं की त्याआधीच 97 टक्क्यांहून अधिक प्रवासांचे अंदाज अचूक ठरत होते.

पहिल्यांदा वाचला तेव्हा मी हे दोन आकडे वहीत उतरवले आणि पेपर बाजूला ठेवला. चूक माझी. आकडा उतरवण्याआधी विचारायला हवं होतं की नकारात्मक कशाला म्हटलंय.

व्याख्या अशी: सांगितलेला वेळ आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ यांतला फरक एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, तर तो ईटीए नकारात्मक. बस्स. मर्यादा किती मिनिटांची, किंवा प्रवासाच्या किती टक्के, हे पेपरात नाही. लवकर पोहोचणं आणि उशिरा पोहोचणं यांत फरकही केलेला नाही. बारा मिनिटं आधी पोहोचून गेटबाहेर चहा पिणारा आणि बारा मिनिटं उशिरा पोहोचून बंद गेट बघणारा, दोघे एकाच रकान्यात.

कोल्हापूरच्या माणसाला मर्यादा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 वर गेलं की धोका. पावसाळ्यात शाळकरी पोरांनाही हे दोन आकडे पाठ असतात. ते जाहीर आहेत म्हणूनच "पाणी 41 वर आहे" या वाक्याला अर्थ आहे. मर्यादा न सांगता कुणी म्हणालं, "यंदा धोक्याचे दिवस 40 टक्क्यांनी घटले," तर आपण लगेच विचारू, "धोका कितीला धरलाय?" पेपर वाचताना हाच प्रश्न आपल्याला सुचत नाही, कारण तक्ता सुबक असतो.

दहा खेपांचं गणित

हे कागदावर करून बघू. आकडे माझ्या मनाचे आहेत, फक्त समजण्यासाठी. समजा, कागल ते विद्यापीठ या रस्त्याला दहा खेपांत लागलेली मिनिटं अशी:

31, 32, 33, 34, 35, 36, 37, 39, 48, 75

आकड्यांचा आकार बघा. डावीकडे सगळे एकमेकांना चिकटून, उजवीकडे लांब शेपूट. वाहतुकीचे आकडे बहुधा असेच असतात, कारण रस्ता कितीही मोकळा मिळाला तरी अमुक वेळापेक्षा लवकर पोहोचता येत नाही. उशिराला मात्र तशी सीमा नाही.

आता या दहांसाठी एकच आकडा द्यायचा. कुठला द्याल? हे ‘लॉस फंक्शन’वर, म्हणजे चुकीची किंमत कशी लावायची यावर ठरतं.

चुकीचा वर्ग करून बेरीज कमीत कमी करायची असेल, तर उत्तर येतं सरासरी: 40 मिनिटं. यालाच एल-टू म्हणतात. चूक वर्ग न करता तशीच मोजली, म्हणजे एल-वन, तर उत्तर येतं मध्यक: 35.5. छोट्या चुकांना वर्ग आणि मोठ्यांना साधी किंमत लावणारं ह्यूबर लॉस घेतलं, आणि छोटं-मोठं यांची सीमा 5 मिनिटांवर ठेवली, तर उत्तर येतं जवळपास 36. म्हणजे तुमच्या फोनवरचा तो आकडा.

डीपमाइंडच्या लेखात सांगितलंय की त्यांनी हे सगळं एकत्र केलं: एकूण वेळेवर एल-वन आणि एल-टू, प्रत्येक तुकड्यावर ह्यूबर आणि त्याच्या जोडीला संभाव्यतेवर बेतलेलं आणखी एक लॉस. त्यांचा अनुभव असा की या मिश्रणामुळे मॉडेल न बघितलेल्या डेटावर जास्त चांगलं चाललं. पण एल-वन, एल-टू आणि ह्यूबर ही तिन्ही दोन्ही बाजूंना सारखंच मोजतात. उशीर जास्त महाग, असं त्यांतलं एकही म्हणत नाही.

आता 36 घेऊन दहा खेपा करा. 37, 39, 48 आणि 75 अशा चार वेळा तुम्ही सांगितलेल्या वेळेनंतर पोहोचाल. दहात चार. 40 घेतलं तर दोनदा. 48 घेतलं तर फक्त एकदा.

आता हेच तीन अंदाज ‘नकारात्मक ईटीए’च्या फूटपट्टीवर ठेवू. मर्यादा 10 मिनिटं धरू. 36 हा अंदाज 48 आणि 75 या दोनच खेपांना मर्यादेबाहेर जातो, म्हणजे दहात दोन वाईट. 40 हा एकदाच वाईट. आणि 48? 31 पासून 37 पर्यंतच्या सातही खेपांना तो दहापेक्षा जास्त मिनिटांनी चुकला, वर 75 ची एक. दहात आठ वाईट!

पुन्हा वाचा. ज्या आकड्यावर भरवसा ठेवून तुम्ही दहापैकी नऊ वेळा परीक्षेला बसला असता, त्याला ही फूटपट्टी दहापैकी आठ वेळा नापास करते. आणि दहात चार वेळा उशीर करणारा 36 तिच्या लेखी छान आहे.

माझं सगळं म्हणणं इथे आहे. पेपरातल्या अचूकतेबद्दल मला शंका नाही. पण ती अचूकता ज्या प्रश्नाचं उत्तर देते तो प्रश्न आहे, "साधारण किती वेळ लागेल?" तुमचा प्रश्न होता, "किती वाजता निघालो म्हणजे चुकणार नाही?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर कितीही सुधारलं, अगदी शंभर टक्के बिनचूक मध्यक मिळाला, तरी तुम्ही निम्म्या वेळा त्या आकड्यानंतरच पोहोचणार. मध्यकाची व्याख्याच ती आहे.

त्यांना हे माहीत नाही का?

माहीत आहे, आणि म्हणूनच टीकेला अर्थ आहे. विकासकांसाठी गुगलची जी दिशादर्शक सेवा आहे, तिच्यात ट्रॅफिकचं गृहीतक निवडता येतं: सर्वोत्तम अंदाज, आशावादी आणि निराशावादी. निराशावादीचा अर्थ असा दिलाय की बहुतेक दिवशी प्रत्यक्ष वेळ यापेक्षा कमीच लागावा. परीक्षार्थीला हवा तो आकडा हाच! साध्या ॲपमध्येही निघण्याची वेळ आधी ठरवून टाकली, तर ‘सहसा इतकी ते इतकी मिनिटं’ असा पल्ला दिसतो. पण आत्ता निघायचं म्हटलं की पल्ला जातो आणि एकच आकडा उरतो.

दुसरं उदाहरण उबरचं. 2022 मध्ये त्यांनी डीप-ईटीए या आपल्या मॉडेलची माहिती दिली. त्यांनी ह्यूबरच घेतलं, पण एका बाजूला झुकवता येईल असं. कारणही लिहिलं: भाडं ठरवायला सरासरी लागते, दुसऱ्या एखाद्या कामाला वितरणातला वेगळा बिंदू लागेल. एका वाक्यात त्यांनी कबूल केलं की ‘योग्य अंदाज’ अशी एकच चीज नसते, तो कशासाठी हवाय त्यावर ठरतं. गुगलच्या पेपरात मी हे वाक्य शोधत होतो.

शेपूट कुठून येते

तुम्ही म्हणाल, 75 मिनिटांची खेप अपवाद आहे, सोडून द्या. इथे मात्र आपल्या जिल्ह्याकडे बघायला हवं.

ऊस गाळप साधारण नोव्हेंबरात सुरू होतं. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात, आणि ज्या रस्त्यावर कालपर्यंत गाडी पळत होती तिथे एका ट्रॅक्टरमागे रांग लागते. त्यात सातारा-कागल सहापदरीकरणाचं काम. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावच्या गाड्या येतात, तेव्हा बिंदू चौकापासून पुढचं वेळापत्रकच बदलतं. नोव्हेंबर 2023 मध्ये ऊसदराच्या आंदोलनात शिरोलीजवळ महामार्ग रोखला गेला होता. यातला एकही प्रकार दैवी अपघात नाही. तारखा पुढेमागे होतील, पण दरवर्षी यातलं काहीतरी असतंच. मुख्य म्हणजे त्या दिवशी एकट्यालाच उशीर होत नाही, त्या रस्त्यावरच्या प्रत्येकालाच होतो. वर्षभराच्या सरासरीत हे दिवस बुडून जातात.

कोरोनाकाळात वाहतूक एकदम घटली, तेव्हा गुगलच्या सांगण्याप्रमाणे मॉडेलने जुन्या इतिहासापेक्षा आधीच्या दोन ते चार आठवड्यांना जास्त वजन द्यावं असा बदल केला गेला. त्या वेळी ते शहाणपणाचं होतं. पण हाच उपाय गाळपाच्या पहिल्या आठवड्याला लावून बघा. मागच्या चार आठवड्यांत एकही ट्रॉली नाही. ट्रॉल्या कधी येतात हे गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरला माहीत आहे, आणि नेमकं त्याचंच वजन कमी केलेलं. अलीकडचा डेटा केव्हा चांगला आणि जुना केव्हा, हा प्रश्न उघडा आहे. कुणाला विषय हवा असेल तर घ्या.

पुराचं तर आणखी वेगळं. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद झाली. ईटीएची चूक मोजायला प्रत्यक्ष लागलेला वेळ हवा, आणि त्यासाठी प्रवास पूर्ण व्हायला हवा. जो शिरोलीहून परत फिरला, त्याचा त्या रस्त्यावरचा ‘लागलेला वेळ’ काय लिहिणार? तो हिशेबातच येत नाही. म्हणजे सगळ्यात वाईट प्रवास मोजणीतून आपोआप गळतो. असं तुमच्या डेटातही होत असेल. बाग सोडून दिलेला शेतकरी, उपचार मधेच थांबवलेला रुग्ण, अर्धवट भरलेली प्रश्नावली. गळालेल्यांची यादी एकदा करून बघाच.

पेपरातले मुख्य तक्ते न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, टोकियो आणि सिंगापूरचे आहेत. त्यात गैर काही नाही, कुठून तरी सुरुवात करावी लागते. पण तिथला निकाल गाळपाच्या हंगामातल्या कागल रस्त्याला लागू पडेलच, असं त्या तक्त्यांतून निघत नाही. ते दाखवायला वेगळं काम करावं लागेल.

दुसरी बाजू

आता माझ्याच म्हणण्यावर मी रिव्ह्यूअर म्हणून काय लिहिलं असतं, तेही सांगतो.

एक: ईटीए फक्त निघायची वेळ ठरवायला नसतो. दोन रस्त्यांतला कुठला घ्यायचा हेही त्यावरच ठरतं. प्रत्येक रस्त्याला भीतीपोटी फुगवलेला आकडा दिला, तर नेहमी चांगला असणारा पण कधीतरी अडणारा रस्ता विनाकारण मागे पडेल. त्या कामाला मधला आकडाच बरा. हे मला मान्य आहे.

दोन: रोज 48 सांगणारं ॲप रोज 35 मध्ये पोहोचवायला लागलं, तर महिन्याभरात लोक मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करतील. घड्याळ पाच मिनिटं पुढे लावून झोपणाऱ्यांचं काय होतं, आपल्याला माहीत आहे. हेही मान्य. म्हणूनच मी आकडा फुगवा म्हणत नाही. मधल्या आकड्याच्या शेजारी दुसरा आकडा दाखवा, आणि मोजमाप करताना तोही तपासा, एवढंच म्हणतोय. "दहात नऊ वेळा 48 मिनिटांच्या आत" असं सांगितलं असेल, तर खरोखर दहात नऊ वेळा तसं झालं का, हे तपासता येतं.

तीन: मर्यादा जाहीर केली नाही कारण ती व्यापारी गुपित असेल. असेल. पण मग 40 टक्के हा आकडा कंपनीच्या अंतर्गत अहवालात शोभतो. परिषदेच्या पेपरात तो आला की आम्ही वाचक त्यावर पुढचं काम रचतो, आणि पायाच दिसत नसेल तर तुलना कशी करायची?

तुमच्या वहीसाठी

पेट झाली, मार्गदर्शक मिळाले, पहिले वीस पेपर वाचायला घेतले, की प्रत्येकाच्या निकालाचा आकडा तक्त्यात भरायची घाई होते. माझीही झाली होती. त्या तक्त्यात आकड्याच्या डावीकडे आणखी दोन रकाने आखा. पहिल्यात लिहा, या लोकांनी ‘चूक’ कशाला म्हटलंय. दुसऱ्यात लिहा, ही चूक कुणाच्या खिशातून जाते. हे रकाने कोरे राहत असतील तर आकडा अजून तुमच्या कामाचा झालेला नाही. सिनॉप्सिसमध्ये ‘अचूकता वाढवणे’ असं उद्दिष्ट लिहायच्या आधीही हेच दोन रकाने स्वतःसाठी भरा. संशोधन सल्लागार समितीत हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, आणि तिथे पहिल्यांदा विचार करायला बसणं फार महागात पडतं.

आणि उद्याचं? फोन 36 म्हणत असला तरी घरच्यांचं ऐका, सव्वा तास आधी निघा. गेल्या वीस वर्षांतल्या खेपांची शेपूट त्यांनी बघितलेली आहे. लवकर पोहोचलात तर विद्यापीठात झाडं भरपूर आहेत, सावलीत बसून उजळणी करा.